आधी शह, मग मार

आमच्या घरमालकांची चप्पल हरवली की ते लगेच शोधायला लागत नसत. आधी उंबऱ्यावर उभे राहत, कमरेवर हात ठेवत आणि ती कुठे कुठे असू शकेल त्या जागा बोटांवर मोजत. मग प्रत्येक जागी नुसती एक नजर. ओसरीवर एक नजर, न्हाणीत एक नजर, परसात एक नजर. खाटेखाली वाकणं, पोती सरकवणं हे सगळ्या जागा वरवर बघून झाल्याशिवाय नाही. मालकीणबाई एकदम खाटेखाली काठी घालायला गेल्या तर हे ओरडत, "एकाच पेवात येवडी खोल उतरू नगंस! बाकीची बगितलीस का?" तोवर चप्पल बहुधा मालकीणबाईंच्या काठीला लागून बाहेर आलेली असे. मालकांना त्याची लाज वाटत नसे. "ह्यो नशिबाचा भाग झाला," म्हणत आणि चप्पल पायात सरकवत.

लढाई चालू होती त्या काळात मी सांगलीला एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. माझं गाव माणात, दहिवडीच्या पुढे. घरी मेंढरं. घराण्यात शाळा शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे अंगात गुर्मी भरपूर. खोली बघायला मालकांच्या घरी गेलो तर त्यांनी ना गाव विचारलं, ना जात. ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, "खोलीत इच्चू निगाला तर काय करशीला?"

"मारीन."

"मग?"

"मग काय? झोपेन."

"मग?"

"सकाळी उठून शाळेत जाईन."

"इच्चवाची जोडी आसती, मास्तर. दुसरा कुटं हाय त्ये बगनार न्हाई का?"

मालकांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "दुसऱ्याच 'मग'ला अडकलासा. ऱ्हावा हितं, शिकशीला." अशी मला खोली मिळाली.

हा "मग?" त्यांनी गल्लीत सगळ्यांना ऐकवला होता. शेजारचा शिंपी एकदा मुलीच्या स्थळाचा सल्ला विचारायला आला. मुलगा कराडचा, कापडाच्या दुकानात आहे, म्हणाला. मालक म्हणाले, मग? घरचं बरं आहे. मग? सासू जरा कडक आहे म्हणतात. मग? मुलगी माझी गरीब आहे. मग? शिंप्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "मग आता मी घरी जातो." मुलीचं लग्न त्याच घरी झालं. आम्हाला बोलावणं आलं नाही.

मालकांचा धंदा हळदीचा. स्वतःची अडत नव्हती. दुसऱ्याच्या अडतीवर माल पारखायचं काम त्यांनी जन्मभर केलं. वयामुळे ते सोडून घरी बसले तरी नखं पिवळीच होती आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या. पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसायची, आतली हळकुंडं बाहेर काढायची, एक मोडून बघायचं, दाताखाली धरायचं. एक किडकं निघालं की पोतं बाजूला. नवखा पारखी त्याच पोत्यातली आणखी दहा हळकुंडं काढून बघत बसला की मालक चिडत. पोतं घ्यायचं नाही एवढं कळलं, ते किती किडलं आहे ते कळून काय करणार, असं त्यांचं म्हणणं.

सांगलीजवळ नदीच्या बाजूला हळद साठवायची पेवं आहेत, म्हणजे जमिनीत विहिरीसारखी खोल खणलेली कोठारं. तोंड लिंपून टाकलेलं असतं आणि आत हवा कोंडते. पेव उघडल्या उघडल्या माणूस खाली उतरला तर गुदमरतो. म्हणून तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, एक हात, थांबायचं, आणखी एक हात. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. तरुणपणी मालकांच्या डोळ्यांदेखत त्यांचा एक सोबती घाईनं तसाच उतरला होता. त्याला वर ओढून काढला तेव्हा उशीर झाला होता. ही गोष्ट मला मालकीणबाईंनी सांगितली. मालक त्याबद्दल बोलत नसत, फक्त कुणी कशात घाई केली की त्यांचा आवाज चढे.

या माणसाचं खरं वेड बुद्धिबळ. सांगलीला बुद्धिबळाचं वेड असणं यात नवल नाही, तिथे ओसरी तिथे पट. पण यांचं वेड उलटं होतं. ज्याला उत्तम खेळता येतं त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ज्याला अजिबात येत नाही असा माणूस ते शोधत असत. त्यांचं म्हणणं असं, की खेळणाऱ्याला अक्कल असण्याची गरज नाही. खेळी कशी हुडकायची त्याची रीत बांधून दिली, तर अक्कल नसलेला माणूसही अक्कलवाल्याला जड जाईल. "उसाचा चरक रस काडतो का न्हाई? त्याला गोडी कुटं कळती? एक दिस बुद्धिबळाचा बी चरक निगंल, मास्तर. तुमी बगशीला." गल्ली हसायची. मीही हसायचो.

माझ्यासारखा कोरा माणूस घरातच आयता सापडल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. शाळेतून आलो की पट मांडलेला. पहिल्याच दिवशी मी एक छानशी खेळी धरली आणि तिच्यामागे धावत सुटलो. मी असं केलं की ते तसं करतील, मग मी तसं, मग ते असं. मालकांनी माझ्या हातातून मोहरं काढून घेतलं. "बाकीच्या खेळ्या काय मेल्या? समद्या पेवांत आदी एक एक हात कंदील सोडा. ज्यात इजंल त्यात फुडं जायाचं न्हाई. मग ऱ्हायल्यात त्यात दोन हात." एका खेळीला समोरच्याकडे चांगलं उत्तर आहे असं दिसलं की ती खेळी तिथेच सोडायची, त्याच्याकडे आणखी किती उत्तरं आहेत हे बघायचं नाही. किडक्या पोत्याचा न्याय.

कोणत्या खेळीपासून सुरुवात करायची, हे मी त्यांना विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "मेंढरू हारवलं तर कुटनं हुडकता?"

"पाण्याच्या जागा आधी बघतो," मी म्हणालो. "आमच्याकडे पाणी थोडं. जनावर तिकडेच ओढ घेतं."

ते एवढे खूश झाले, की आतून मालकीणबाईंना हाक मारून त्यांनी माझं उत्तर त्यांना ऐकवलं. "ऐकलंस का? ह्यो मानदेशी गडी बिनशिकवता शिकलाय." मग मला म्हणाले, "पटावर पानी म्हंजे शह. शह आदी बगायचे. त्यात काय घावलं न्हाई तर मार बगायची, कोन कुनाला मारतंय त्ये. बाकीचं मागनं. आदी शह, मग मार. झोपंत बी इसरू नगा."

आणि मारामारी चालू असताना हिशेब करायचा नाही. मी घोडा मारला की लगेच खूश व्हायचो. त्यांचं प्यादं माझा हत्ती घेऊन जायचं. "धुरळा बसू द्या, मास्तर. धुरळ्यात मानसं मोजू नगा." हे ते प्रत्यक्षातही पाळत. गल्लीत नळावर भांडण लागलं आणि कुणी त्यांना चूक कुणाची विचारलं, तर ओसरीवरून म्हणत, "अजून मारायचं ऱ्हायलंय त्यांचं. संपलं की सांगतो." शेजारच्या घरात चोर ज्या खिडकीतून शिरला ती खिडकी आपल्या घरात आधी तपासायची, हेही बुद्धिबळच. समोरच्याच्या ज्या चालीनं तुमची एक खेळी मोडली, ती चाल दुसऱ्या खेळीलाही लागू पडते का हे पहिल्यांदा बघायचं. दोन गल्ल्यांतून एकाच देवळापाशी आलो तर दोनदा देवळात जायचं नाही. असं त्यांचं सगळं चाले. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं.

माझी नात आता पुण्यात संगणकाचं शिकते. परवा ती मला समजावून देत होती की यंत्राला बुद्धिबळ शिकवताना नवशिके कसे चुकतात. एकाच चालीत खोल घुसवतात. खोटी ठरलेली खेळी पुन्हा पुन्हा तपासत बसतात. मारामारी अर्धवट असताना गुण मोजतात. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "हे मला ठाऊक आहे." तिनं विचारलं, कुठून? मी म्हणालो, सांगलीहून, हळदीच्या एका पारख्याकडून. म्हातारा थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. पुढचं मी तिला सांगितलं नाही.

लढाई संपली त्या वर्षी मालकांचा मुलगा ब्रह्मदेशातून परत आला.

एकुलता एक. पलटणीत गेला तेव्हा मी सांगलीत नव्हतो, त्यामुळे मी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं. ऐकलं मात्र पुष्कळ होतं. तो बुद्धिबळ खेळायचा आणि बापाशी त्याचं त्यावरून कायम भांडण. मनात आलं की मोहरं उचलायचं, अशी त्याची तऱ्हा. जिंकायचाही खूप आणि हरायचाही खूप. "ढीगभर अक्कल, पर रीत न्हाई," असं मालक म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसे तो लपत नसे.

मिरज स्टेशनवर आम्ही तिघे गेलो. पलूसकडचा एक शिपाई त्याचा हात धरून त्याला खाली उतरवत होता. हातपाय धड, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. मालकीणबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवला, तो उभा राहिला. बोलला नाही. शिपाई मालकांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, जवळ बाँब फुटला. आमी समदे पडलो, ह्यो उटला तवा आसा. सांगितलं तर करतोय. न सांगता काय बी करत न्हाई." आणि त्याची गाडी सुटायला आली म्हणून धावत गेला.

त्या दुपारी मालकीणबाईंनी त्याला जेवायला वाढलं. जेव, म्हणाल्या. तो जेवला. भाकरी वाढली, खाल्ली. आणखी वाढली, खाल्ली. किती वर्षांनी लेक ताटावर बसला म्हणून त्या वाढत राहिल्या, आणि थांब असं कुणी म्हटलं नाही म्हणून तो खात राहिला. शेवटी त्याला ओकारी झाली. मालकीणबाई हातात भाकरी तशीच धरून बसल्या होत्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, अंगाला काही झालेलं नाही, वेळ जाऊ द्या. पण नुसतं हात बांधून वेळ जाऊ देणं मालकांना ठाऊक नव्हतं. "आत हाय त्यो," ते मला म्हणाले. "खोल हाय. हवा कोंडलीया. कंदील सोडाया पायजे, हात हात." दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी बंद झाली आणि पटासमोर माझ्या जागी मुलगा बसू लागला.

मी शाळेतून येऊन खांबाला टेकून बघत असे. मालक समोर, मुलगा इकडे, मालकीणबाई दाराशी सूप घेऊन. मालक म्हणत, "शह बग." मुलाची नजर पटावरून फिरे. "मार बग." पुन्हा फिरे. त्याच्या डोक्याला फार झेपत नाही म्हणून मालकांनी आपली सगळी रीत छाटून अगदी थोडकी केली. शहानं मात होत असेल तर शह दे. नसेल तर मार बघ. मोहरं फुकट मिळत असेल तर घे, त्याच्या पुढे उतरू नको. काहीच नसेल तर जे मोहरं अडचणीत आहे ते सोडव, तेही नसेल तर एक प्यादं पुढे सार. बस्स.

सुरुवातीला तो चुकत असे. मधूनच घोडा उचलून कडेच्या घरात ठेवी. तिथे घोड्याला काही काम नसे, शह नाही, मार नाही, काही नाही. मालक न रागावता तो उचलून परत मूळ घरात ठेवत. "आसं न्हाई, बाळा. कडंला घोडा निम्मा मरतो. शह बग." तो पुन्हा बघे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच काहीतरी. वजीर उगाच पुढे, उंट उगाच कोपऱ्यात. मालक परत ठेवत. हजारदा परत ठेवतील एवढा त्या दिवसांत त्यांना धीर होता. हळूहळू चुका कमी झाल्या आणि एका आठवड्यात एकही झाली नाही.

आणि मग तो बोलला. खेळी करण्याआधी ओठ हलले आणि पुटपुटल्यासारखा आवाज आला. "शह." थोड्या वेळानं, "मार." ब्रह्मदेशातून आल्यावरचे त्याचे पहिले शब्द. मालकीणबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं, तांदूळ ओसरीभर झाले. मालक उठून तसेच अनवाणी गणपतीच्या देवळात गेले आणि येताना पेढे घेऊन आले. ज्या शिंप्यानं लग्नाला बोलावलं नव्हतं त्याच्याही घरी पेढा गेला.

पुढे तो जिंकायला लागला. शिंप्याला हरवलं, मला तर रोजच. मग मालकांनाही हरवू लागला, आणि हरल्यावर मालकांची छाती जी फुगायची ती बघण्यासारखी. रस्त्यात कुणी विचारलं, पोरगं कसं आहे, तर म्हणत, "लय सुदारलं. एक बी खेळी चुकत न्हाई."

गणपतीच्या दिवसांत पेठेतल्या एका धर्मशाळेत देशी बुद्धिबळाचे डाव व्हायचे. तोवर विलायती पद्धत येऊ लागली होती, पण जुनी मंडळी देशी डावालाच डाव म्हणत. देशी डावात एक गोष्ट आहे, ती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्याचं सगळं मारून त्याचा राजा एकटा उरला, तर तुम्ही जिंकलात असं नाही. त्याला बुर्जी म्हणतात. डाव बरोबरीत सुटतो आणि मारणारा हसं होतो. म्हणून जिंकणारा माणूस शेवटचं एक मोहरं मुद्दाम जिवंत ठेवतो आणि मात करतो. त्यातही प्याद्यानं केली तर मान मोठा. सांगलीत हे लहान लेकरालाही ठाऊक असतं.

मालकांनी मुलाला तिथे नेलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आवं, कशाला येवड्या लोकांत?" मालक म्हणाले, "लोकांनी बगू दे की. त्यो बरा झालाय." त्यांना मुलगा दाखवायचा होता. गावानं ज्याच्याकडे बघून हळहळ केली होती तो परत आला आहे, हे गावाला दाखवायचं होतं.

समोर एक वकील बसले होते. नावाजलेले खेळाडू, स्वभावानं थट्टेखोर, पण वाईट माणूस नव्हे. मुलगा खेळायला लागला. ओठ हलत, नजर फिरे, हात उठे. पहिल्यांदा लोक कुजबुजत होते, मग पुढे सरकून पटाभोवती दाटले. वकिलांचा एक हत्ती गेला. मग उंट, मग वजीर. मालक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या पिवळ्या बोटांचे वळ उमटले. वकिलांकडे राजा आणि एक घोडा एवढंच उरलं. मुलाचं प्यादं दोन खेळ्यांत मात देणार होतं. प्यादेमात. बघणाऱ्यांतला प्रत्येक जण ती बघत होता.

तेव्हा वकिलांनी हसत हसत आपला घोडा उचलला आणि मुलाच्या वजिरासमोर आणून ठेवला. फुकट.

मालकांची पकड सुटली. बाजूनं बोलायचं नाही असा नियम होता आणि ते बोलले नाहीत. मुलाचे ओठ हलले. शह. नजर फिरली, एका शहानं मात होत नव्हती. मार. मुलानं वजीर उचलला आणि घोडा घेतला.

"बुर्जी!" वकील म्हणाले आणि धर्मशाळा हसली. त्या हसण्यात वैर नव्हतं. जिंकता जिंकता फसलेल्या माणसाला हसतात तसं हसले. एकानं मुलाच्या पाठीवर थापही मारली. मुलगा पटाकडे बघत पुढच्या पाळीची वाट पाहत बसला होता. डाव संपला आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मालकांनी आयुष्यभर नवशिक्यांना रीत शिकवली होती, पण त्यात बुर्जीचा अपवाद कधी घातला नव्हता. घालायची वेळच आली नव्हती. आमच्यापैकी कुणी जिंकत जिंकत तिथवर पोचलाच नव्हता. आणि मुलाला ते सांगावं असं त्यांच्या मनात आलं नाही, कारण मुलाला ते पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

आम्ही घरी आलो. मुलाला आत निजवून मालक ओसरीवर येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यो न्हवता, मास्तर. मीच खेळत हुतो. त्याच्या हातानं मीच खेळत हुतो."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. एक चूक कुणाचीही होते, वगैरे. मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नसे. घोडा कसा चालतो हेही त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आवं, सुरवातीला त्यो घोडा कडंला न्हेऊन ठिवायचा, तवा हसायचा."

मालकांनी वर पाहिलं.

"जरासाच. ओटाच्या कडंला. पलटनीत जायच्या आदी हसायचा तसाच. तुमी घोडा परत ठिवला की जायाचं त्ये हसू."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुमी म्हनला, सुदारतोय. मला वाटलं तुमाला दिसतंय. तुमी पटाकडं बगत हुता. मी त्याच्या तोंडाकडं बगत हुते."

मालकांना रडताना मी पाहिलेलं नाही, त्या दिवशीही नाही. पण ओसरीवर बसून ते आपली पिवळी बोटं उघडत होते आणि मिटत होते, बराच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रीत शिकवणं सोडलं. कुणी नवखा आलाच तर म्हणत, "आदी मनाला यील ते खेळा. हारा चांगलं. रीत मागनं बगू." आणि मुलासमोर मात्र रोज पट मांडत. आता "शह बग" म्हणत नसत. काहीच म्हणत नसत. मुलाची पाळी आली की पटावरची नजर काढून त्याच्या तोंडावर ठेवत आणि वाट बघत. त्यानं एक तरी खेळी चुकावी म्हणून. कडेला घोडा ठेवावा, वजीर उगाच पुढे सारावा, काहीही बिनकामाचं करावं. मुलगा चुकत नसे. ओठ हलत, नजर फिरे आणि बरोबर तीच खेळी होई. बाप रोज हरत असे आणि दर बरोबर खेळीला त्याचं तोंड आणखी उतरत असे. येणारेजाणारे कौतुक करत. फौजी काय खेळतो, म्हणत. मालक मान हलवत.

एकदा मी त्यांना म्हणालो, त्याला सांगून बघा ना, मनाला येईल ते खेळ म्हणून. ते म्हणाले, "सांगितलं हुतं. मला इचारतो, कोनतं?" आणि पुन्हा पट मांडायला लागले.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षाच्या अखेरीस माझी साताऱ्याच्या शाळेत नेमणूक झाली. टांगा दारात आला, ट्रंक चढली. मालकीणबाईंनी हातावर दही घातलं. मी ओसरीवर मालकांच्या पाया पडायला गेलो तर पट मांडलेला होता आणि दोघे बसले होते. मी वाकणार तोच मालकांनी हात वर करून मला थांबवलं.

"जरा थांबा, मास्तर. त्याची पाळी हाय."

मी थांबलो. मुलाचे ओठ हलले. नजर पटावरून एकदा फिरली, पुन्हा फिरली. हात उठला आणि घोड्यावर आला. आणि तिथे थबकला. मालक पुढे वाकले. मालकीणबाई दह्याची वाटी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. बाहेर टांगेवाला हाका मारत होता, त्याला कुणी ओ दिली नाही.

हात घोड्यावरून पुढे सरकला, हत्तीपाशी गेला आणि हत्तीनं शह दिला. मात झाली होती.

मालकांनी पटाकडे बघितलंच नाही. ते मुलाच्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग दाराकडे वळून बायकोला हळूच म्हणाले, "आज बी चुकला न्हाई," आणि पुन्हा पट मांडायला घेतला.